थिनर-सॉल्व्हंटच्या गाळ्यात वायरिंग करताना: क्रम चुकला की एफएलपी सामान लावूनही उपयोग नाही

रबाळे, महापे, तुर्भे आणि इकडे ठाण्यात वागळे इस्टेट, या सगळ्या भागात छोट्या छोट्या गाळ्यांमधून शाई, रंग, गोंद, परफ्युम, थिनर भरायचं काम चालतं. मी अशाच गाळ्यांची इलेक्ट्रिकची कामं बघतो आणि एकच गोष्ट परत परत दिसते. आधी बाजारातून एफएलपी (फ्लेमप्रूफ, म्हणजे आतल्या ठिणगीने बाहेरची वाफ पेटू न देणारा) लाइट आणि एफएलपी स्विच आणायचा, भिंतीला ठोकायचा, वायर ओढायची आणि सगळं झाल्यावर कुणाला तरी बोलावून विचारायचं की बघा जरा, बरोबर आहे ना. तोपर्यंत भिंत फोडून झालेली असते, पैसे गेलेले असतात आणि बरोबर नसलं तरी ते बदलायची कुणाची तयारी नसते.

हे वाचून स्वतः वायरिंग करायला बसू नका. काम लायसन्स असलेल्या कॉन्ट्रॅक्टरकडूनच करून घ्यायचं, आणि त्यानेही अशा जागेचं काम आधी केलेलं असलं पाहिजे, बिल्डिंगचं वायरिंग चांगलं करणारा माणूस इथे चालेलच असं नाही. पण मालक, सुपरवायझर आणि वायरमन या तिघांनाही क्रम माहीत पाहिजे, कारण एकाने चुकवलं तर दुसऱ्याने थांबवायचं असतं.

एक उदाहरण धरून चालू. एक गाळा, आत सॉल्व्हंटचे आठ-दहा ड्रम, एक मिक्सर, एक बॅरल पंप, भरायचं टेबल, एक एक्झॉस्ट आणि चार लाइट. बहुतेकांचा सेटअप साधारण हाच असतो.

## १. आधी माल कोणता आहे ते कागदावर लिहा

"थिनर आहे" एवढं सांगून चालत नाही. प्रत्येक सॉल्व्हंटची सेफ्टी डेटा शीट सप्लायरकडून मागून घ्या आणि त्यातून चार गोष्टी वहीत उतरवा: फ्लॅश पॉइंट, आपोआप पेट घ्यायचं तापमान, हवेत किती टक्क्यापासून पेटतं आणि वाफ हवेपेक्षा जड आहे की हलकी.

फ्लॅश पॉइंट म्हणजे ज्या तापमानाला त्या द्रवातून पेटण्याइतकी वाफ निघते ते तापमान. अ‍ॅसिटोनचा शून्याच्याही खाली, उणे १८ ते २० अंश. टोल्युइनचा ४, आयपीएचा (आयसोप्रोपिल अल्कोहोल) १२, झायलीनचा २५ च्या आसपास. म्हणजे आपल्याकडे डिसेंबरच्या दुपारीसुद्धा यांची पेटण्याजोगी वाफ झाकण उघडल्याबरोबर बाहेर असते.

आणि एमटीओ, म्हणजे मिनरल टर्पेंटाइन, ज्याला सगळे "ते काय, साधं टर्पेंटाइन" म्हणतात, त्याचा फ्लॅश पॉइंट ३५ ते ४० च्या घरात. आता मे महिन्यात पत्र्याच्या किंवा सिमेंट शीटच्या छपराखाली दुपारी तीन वाजता थर्मामीटर लावून बघा, आकडा तिथेच येतो किंवा वरच जातो. तेव्हा हिवाळ्यात सुरक्षित असलेला माल उन्हाळ्यात सुरक्षित राहत नाही. हिशोब वर्षातल्या सगळ्यात गरम दिवसाचा करायचा.

जडपणा वहीत लिहिणं सगळे विसरतात आणि वायरिंगची उंची तर त्याच्यावरच ठरते. टोल्युइनची वाफ हवेच्या तिप्पट जड आहे, अ‍ॅसिटोनची दुप्पट. ती वर जात नाही, फरशीवरून पाण्यासारखी पसरते, उंबऱ्यावरून खाली उतरते, गटारात, केबलच्या चरात, लिफ्टच्या खड्ड्यात जाऊन बसते. वास येत नाही म्हणून वाफ नाही असं समजू नका, नाक तुमचं पाच फुटांवर आहे आणि वाफ घोट्याशी. शिवाय टोल्युइन हवेत एक-सव्वा टक्का झालं की पेटतं, म्हणजे फार लागतच नाही.

तपासा: वहीत प्रत्येक मालासमोर चारही आकडे आहेत का? एकाही मालाची शीट मिळाली नसेल तर पुढे जाऊ नका. मिक्स केलेल्या थिनरला त्यातल्या सगळ्यात वाईट घटकाचे आकडे धरा.

## २. झोनचा नकाशा काढा, मगच खरेदी

जागेचे तीन भाग पडतात. जिथे पेटण्याजोगी वाफ कायम किंवा खूप वेळ असते तो झोन ०, जसं ड्रमच्या आत, मिक्सरच्या भांड्याच्या आत. जिथे रोजच्या कामात वाफ येण्याची शक्यता असते तो झोन १, जसं भरायच्या तोंडाभोवती, मिक्सरच्या झाकणाभोवती. आणि जिथे सहसा येत नाही, आलीच तर थोडा वेळ, गळती वगैरे झाल्यावर, तो झोन २.

किती फुटांपर्यंत कोणता झोन हे मी इथे लिहिणार नाही, कारण ते माल, प्रमाण आणि हवा किती खेळते यावर ठरतं, आणि कुणाचातरी आकडा उचलून आपल्या गाळ्याला लावणं हीच मोठी चूक आहे. त्यासाठी स्फोटक वाफेच्या जागांसाठीच्या आयएस/आयईसी ६००७९ या मानकांच्या मालिकेतला भाग १०-१ आहे, त्याप्रमाणे हे काम जाणणाऱ्या माणसाकडून नकाशा काढून घ्या. फक्त वरून बघितलेला नकाशा पुरत नाही, बाजूने बघितलेलाही पाहिजे, कारण वाफ खाली बसते. खड्डा, चर, सांडपाण्याची टाकी हे बाकीची खोली झोन २ असली तरी बहुतेक वेळा झोन १ धरावे लागतात.

नकाशावर शेजारचा गाळाही दाखवा. एमआयडीसीच्या गाळ्यांमधली भिंत बऱ्याचदा वरपर्यंत गेलेली नसते, किंवा पाइपसाठी भोक पाडलेलं असतं आणि पलीकडे वेल्डिंग चालू असतं.

सावधान: नकाशा काढताना इलेक्ट्रिशियनच्या यादीत नसलेल्या वस्तूही मांडा. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त सुटतो तो वजनकाटा. भरायचं टेबल झोन १ मध्ये, वरचा लाइट एफएलपी, पंपाची मोटर एफएलपी, आणि ड्रमच्या तोंडापासून हातभर अंतरावर साधा इलेक्ट्रॉनिक काटा, त्याचा अ‍ॅडॅप्टर फरशीवरच्या एक्सटेंशन बोर्डात. दुसरा सीसीटीव्ही कॅमेरा, तो लावायला वेगळा माणूस येतो आणि त्याला कुणी काही सांगत नाही. तिसरं बोटाचा ठसा घेणारं हजेरीचं मशीन, दारातच. आणि बॅटरीवाला इमर्जन्सी लाइट, जो नेमका मेन बंद केल्यावर चालू होतो.

## ३. बाहेर जाईल ते बाहेर काढा

ही पायरी लोक वगळतात आणि सगळ्यात जास्त पैसे इथेच वाचतात. जी वस्तू झोनमध्ये नाहीच, तिला एफएलपी करावं लागत नाही.

डीबी (एमसीबी असलेला वीज वाटणारा बोर्ड) बाहेर. स्टार्टर पॅनेल बाहेर, आत फक्त पुश बटण. सॉकेट तर आत ठेवूच नका, कारण सॉकेट दिसला की माणूस त्यात काहीतरी लावतोच, आज नाही तर सहा महिन्यांनी. लाइटसाठी काही गाळ्यांत मला हा उपाय आवडला: भिंतीत जाड काचेची पक्की सीलबंद खिडकी आणि लाइट पलीकडच्या सुरक्षित बाजूला. वजनकाट्याची फक्त प्रमाणित प्लॅटफॉर्म आत आणि डिस्प्ले बाहेर असंही मिळतं.

मेन बंद करायचा स्विच दाराबाहेर, आत न जाता हात पोहोचेल असा. आणि तो फक्त फेज तोडणारा नको, न्यूट्रलही तुटला पाहिजे. सिंगल पोल एमसीबी बंद केल्यावर न्यूट्रल जोडलेलाच राहतो आणि कुठे फॉल्ट असेल तर त्यावरही करंट येतो, मग वायरमन "मेन बंद आहे" म्हणून बॉक्स उघडतो आणि ठिणगी पडते.

तपासा: नकाशा परत बघा आणि आत उरलेल्या प्रत्येक वस्तूला विचारा, ही इथे नसली तर काम अडेल का? अडणार नसेल तर बाहेर.

## ४. आता खरेदी, आणि लेबल वाचून

दुकानात जाऊन "एफएलपी द्या" म्हटलं की जाड बीडाचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा करड्या रंगाचा बॉक्स हातात पडतो. दिसायला सगळे सारखेच. तसाच दिसणारा पण कुठलंही सर्टिफिकेट नसलेला मालही मिळतो आणि वजनावरून काही कळत नाही. लेबल वाचायचं.

लेबलवर 'एक्स' नंतर येणारं अक्षर म्हणजे संरक्षणाचा प्रकार. 'डी' म्हणजे फ्लेमप्रूफ, 'ई' म्हणजे वाढीव सुरक्षा, ज्यात मुळात ठिणगीच पडू नये अशी बांधणी असते, 'आय' म्हणजे सर्किटमधली ऊर्जाच इतकी कमी की पेटणार नाही.

त्यानंतर गॅस ग्रुप, रोमन दोन आणि पुढे ए, बी किंवा सी. टोल्युइन, झायलीन, अ‍ॅसिटोन, आयपीए टू-ए मध्ये बसतात. इथेनॉल आणि ईथर टू-बी मध्ये, म्हणजे परफ्युम आणि सॅनिटायझरवाल्यांनी टू-ए चं सामान घेतलं तर ते चुकीचं. हायड्रोजन आणि अ‍ॅसिटिलीन टू-सी. टू-बी चं सामान टू-ए ला चालतं, उलटं चालत नाही. म्हणून मी सहसा सगळीकडे टू-बी च सुचवतो, उद्या माल बदलला तर परत खर्च नको.

मग तापमानाचा वर्ग. टी१ म्हणजे पृष्ठभाग जास्तीत जास्त ४५० अंश, टी२ ला ३००, टी३ ला २००, टी४ ला १३५, टी५ ला १००, टी६ ला ८५. आकडा मोठा तसं सामान थंड. हेक्झेन २२५ च्या आसपास आपोआप पेटतं, त्याला टी३ तरी हवंच. ईथर १६० च्या आसपास, त्याला टी४.

आणि आता जे कुणीच बघत नाही ते. लेबलवर सभोवतालच्या तापमानाचा आकडा लिहिलेला नसेल, तर ते सामान उणे २० ते अधिक ४० अंशांपर्यंतच तपासलेलं असतं. आपल्याकडे छपराला टेकून लावलेला लाइट मे महिन्यात चाळीसच्या वरच्या हवेत असतो, म्हणजे तो टी४ आहे की नाही हे त्या दिवशी सांगता येत नाही. जास्त तापमानाला प्रमाणित माल मागून घ्या, मिळतो.

सर्टिफिकेट नंबरच्या शेवटी इंग्रजी एक्स असेल तर काही खास अटी आहेत, त्या सर्टिफिकेटमध्ये वाचा. शेवटी यू असेल तर तो नुसता सुटा भाग आहे, एकटा वापरायचा नाही. आणि नागपूरला मुख्यालय असलेल्या पेसोची (स्फोटकं आणि ज्वलनशील मालाच्या सुरक्षेची सरकारी संस्था) मान्यता आहे का ते कागद मागूनच बघा, बिलावर "एफएलपी" लिहिलंय याला काही अर्थ नाही.

सावधान: मिक्सरची मोटर व्हीएफडीवर (स्पीड कमी-जास्त करणारा ड्राइव्ह) चालवणार असाल तर ते मोटर घेतानाच सांगा. साधी फ्लेमप्रूफ मोटर नंतर ड्राइव्हवर टाकली की कमी स्पीडला तिचा पंखा पुरेशी हवा देत नाही, ती तापते आणि तापमानाचा वर्ग गेला.

## ५. कामाच्या दिवशी: गाळा रिकामा, हवा मोकळी

चालू गाळ्यात "एका कोपऱ्यात काम करतो, तुम्ही भरत राहा" हे कधीही मान्य करू नका. कितीही ऑर्डर अडली तरी. ड्रिल, ग्राइंडर, हॅमर, हॅलोजन, सगळं वायरिंगच्याच दिवशी आत येतं, म्हणजे गाळ्याच्या आयुष्यातला सगळ्यात धोक्याचा दिवस तोच.

क्रम असा. भरलेले ड्रम बाहेर, रिकामेही बाहेर, रिकाम्या ड्रममध्ये वाफ असते आणि ती भरलेल्यापेक्षा जास्त वाईट. सांडलेलं पुसा, पुसलेली चिंधी पण बाहेर. शटर आणि खिडक्या उघडून हवा खेळू द्या. मग गॅस मीटर (हवेतली पेटणारी वाफ मोजणारा) घेऊन फरशीजवळ, चरात, कोपऱ्यात, टेबलाखाली बघा, छातीच्या उंचीला बघून "शून्य" लिहू नका. मग मेन बंद, कुलूप, चावी काम करणाऱ्याच्या खिशात, आणि मग परमिटवर, म्हणजे काम सुरू करायच्या लेखी परवानगीवर, सही.

मीटरबद्दल दोन गोष्टी. तो मिथेनवर सेट केलेला असेल तर सॉल्व्हंटला खऱ्यापेक्षा कमी दाखवतो, म्हणून थोडाही आकडा दिसला तरी थांबा. आणि सिलिकॉन सीलंटच्या वाफेने नेहमीच्या मीटरचा सेन्सर मरतो, मग तो कायम शून्यच दाखवतो. आदल्या दिवशी टेस्ट गॅसवर तो खरंच बोलतोय का ते बघून ठेवा.

तपासा: जेवणाची सुट्टी झाल्यावर परत मीटर फिरवला का? सकाळचं रीडिंग दुपारी चालत नाही.

## ६. केबल ओढणे

आर्मर्ड केबल, म्हणजे आवरणात धातूच्या तारांचं कवच असलेली, गोल, आतून गच्च भरलेली. केसिंग-पट्टी आणि पीव्हीसी पाइपातल्या सुट्या वायरी इथे नाहीत. झोनच्या आत जॉइंट नको, पूर्ण लांबी एक तुकडा, म्हणून आधी टेपने मोजा आणि मग कापा. टेप मारलेला जॉइंट तर कुठेच नको.

रस्ता वरून घ्या, फरशीच्या चरातून घेऊ नका. चरातूनच न्यावी लागली तर केबल टाकून चर वाळूने भरा, नाहीतर तो चर म्हणजे वाफेला डीबीच्या खोलीपर्यंत जायला बोगदा झाला. हे मी एका जागी डोळ्यांनी बघितलंय: आत सगळं व्यवस्थित, आणि चर थेट बाहेरच्या पॅनेलच्या खाली उघडलेला, पॅनेल साधं, कारण "ते तर बाहेर आहे". मीटर त्या पॅनेलच्या तळाशी नेला तर तो वाजायला लागला. भिंतीतून केबल जाते ते भोकही दोन्ही बाजूंनी पक्कं बंद करा, वर्तमानपत्र कोंबून नाही.

## ७. ग्लँड

ग्लँड म्हणजे केबल बॉक्समध्ये शिरते तिथे तिला घट्ट पकडणारी जोडणी. इथे थोडं थांबून सांगतो, कारण अर्धी कामं इथेच बिघडतात आणि बाहेरून दिसतही नाहीत.

ग्लँड डबल कॉम्प्रेशनची (केबलचं आतलं आणि बाहेरचं, दोन्ही आवरणं आवळणारी), त्या बॉक्सच्या ग्रुपला प्रमाणित आणि केबलच्या मापाची. केबलचं माप म्हणजे बाहेरचा व्यास आणि आर्मर काढल्यावर आतल्या आवरणाचा व्यास, दोन्ही. व्हर्नियर लावून मोजा. अंदाजाने एक नंबर मोठी ग्लँड घेतली की आतलं रबर आवळलंच जात नाही, वायरमन नट पूर्ण फिरवतो, हाताला घट्ट लागते, आणि आत केबलभोवती नखाएवढी फट राहते. ती फट बंद करायला मग टेप गुंडाळतात. टेप म्हणजे सील नव्हे, ती ग्लँड काढून योग्य मापाची आणा.

ग्लँडचा थ्रेड आणि बॉक्सचा थ्रेड एकच पाहिजे. मेट्रिक बॉक्समध्ये जुना थ्रेड दोन आटे फिरतो आणि अडकतो, लोक तिथेच सोडून देतात. फ्लेमप्रूफ एंट्रीत निदान पाच आटे पूर्ण बसलेच पाहिजेत, आतून स्फोट झाला तर ज्वाळेला त्या आट्यांमधूनच थंड होत यायचं असतं. आट्यांवर टेफ्लॉन टेप किंवा सुतळी लावायची नाही, आपण नळ बसवत नाही आहोत. थ्रेड बदलायला अ‍ॅडॅप्टर लागला तर प्रमाणित आणि एकच, अ‍ॅडॅप्टरवर अ‍ॅडॅप्टर नाही.

न वापरलेली एंट्री: माल येतो तेव्हा तिथे प्लॅस्टिकची टोपी असते, ती फक्त वाहतुकीतल्या धुळीसाठी. ती तशीच राहिलेली मी किती बॉक्सवर बघितली याचा हिशोब नाही. तिथे प्रमाणित धातूचा स्टॉपिंग प्लग बसवा.

आणि बॉक्सला स्वतः भोक पाडायचं नाही. एक जास्तीचं बटण बसवायला ड्रिल मारलं की त्या क्षणी सर्टिफिकेट संपलं.

तपासा: केबल हाताने ओढा, फिरवा. ग्लँडमध्ये सरकली किंवा फिरली तर परत उघडा. केबल आतून पोकळ वाटत असेल तर बॅरियर ग्लँड लागेल, म्हणजे आत कंपाउंड भरलेली.

## ८. झाकण बंद करणे

महाप्याच्या एका गाळ्यात एफएलपी जंक्शन बॉक्स उघडायला घेतला होता. झाकणाला आठ बोल्ट, त्यातले तीनच जागेवर. झाकण आणि बॉक्सच्या मध्ये चारही बाजूंनी पांढरं सिलिकॉन भरलेलं, बोटाने गुळगुळीत केलेलं, अगदी मन लावून. वायरमनला विचारलं तर म्हणाला, साहेब, पावसाचं पाणी जात होतं म्हणून पॅक केलं. त्याची नियत चांगली होती. त्याला हे कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

फ्लेमप्रूफ बॉक्स हवाबंद नसतो. वाफ आत जाणार, आत ठिणगी पडणार, आत छोटा स्फोटही होणार, हे धरूनच तो बनवलेला असतो. तो गरम वायू बाहेर येताना झाकण आणि बॉक्सच्या दोन घासून गुळगुळीत केलेल्या धातूंमधल्या अगदी बारीक फटीतून येतो आणि येता येता एवढा थंड होतो की बाहेरची वाफ पेटत नाही. हिशोब मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांचा आहे. त्यात सिलिकॉन घातलं की दोन पृष्ठभाग एकमेकांपासून लांब राहतात. रंगाचा थर, गंजाचा पापुद्रा, स्क्रूड्रायव्हर घालून झाकण उचकटल्याचा ओरखडा, सगळ्याचा परिणाम तोच. आणि पाच बोल्ट नसले तर स्फोटाच्या दाबाने झाकण उचललं जातं, मग फटीचा प्रश्नच राहत नाही.

म्हणून झाकण लावताना: दोन्ही पृष्ठभाग मऊ कापडाने पुसा, घासकाम नाही, पॉलिश पेपर नाही. गंज लागू नये म्हणून न सुकणारं, कंपनीने सांगितलेलं ग्रीस पातळ लावा. सगळे बोल्ट हाताने बसवा, मग समोरासमोरचे आळीपाळीने आवळा. बोल्ट हरवला तर हार्डवेअरच्या दुकानातला दिसायला सारखा बोल्ट चालत नाही, त्याच ग्रेडचा मागवा. शेवटी फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घालून फट बघा, किती चालते ते कंपनीच्या कागदावर असतं. पाणी जात असेल तर बॉक्सची जागा बदला, वर छप्पर करा किंवा मुळात पाण्यासाठी योग्य आयपी रेटिंगचा (धूळ-पाणी किती अडतं त्याचा आकडा) बॉक्स घ्या.

बॉक्स भिंतीला चिकटवताना झाकणाच्या फटीसमोर अडथळा नको, टू-बी ला निदान ३० मिलिमीटर मोकळी जागा. पाइप किंवा अँगल तिथेच आला तर थंड व्हायला जागाच मिळत नाही.

सावधान: झाकणावर "वीज चालू असताना उघडू नये" लिहिलेलं असतं, आणि काही बॉक्सवर बंद केल्यानंतर किती मिनिटं थांबायचं तेही असतं. घड्याळ लावून थांबा.

## ९. अर्थिंग आणि स्टॅटिक, दोन वेगळ्या गोष्टी

थ्री फेज मोटरला दोन स्वतंत्र अर्थ, हे नियमातच आहे. बॉक्सला आतला आणि बाहेरचा अर्थ बोल्ट असतो, बाहेरचा मोकळा सोडू नका. आर्मर दोन्ही टोकांना ग्लँडमधून नीट पकडलेला पाहिजे. आत न्यूट्रल आणि अर्थ वेगळेच, एकाच वायरने दोन्ही कामं कधीच नाहीत.

वीज पूर्ण बंद असली तरी ओतताना ठिणगी पडू शकते, ती स्टॅटिकची. टोल्युइनसारखा माल नळीतून वाहताना चार्ज धरतो. ड्रम आणि ज्यात भरताय ते भांडं एकमेकांना आणि अर्थ पट्टीला क्लॅम्पने जोडा, ड्रमचं झाकण उघडायच्या आधी, आणि भरून झाल्यावर झाकण लावून मगच क्लॅम्प काढा. क्लॅम्पचे दात रंगाच्या थरातून धातूपर्यंत गेले पाहिजेत. नळी भांड्याच्या तळापर्यंत, वरून धार सोडायची नाही, आणि सुरुवात हळू, सेकंदाला एक मीटरच्या आत. प्लॅस्टिकच्या बादलीला अर्थ करता येत नाही, तेव्हा ती बादली इथे नको.

तपासा: मल्टिमीटर लावून क्लॅम्पपासून अर्थ पट्टीपर्यंत रेझिस्टन्स बघा, १० ओहमच्या आत यायला हवा.

## १०. टेस्टिंग, ड्रम आत यायच्या आधी

मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) ठिणगी पाडू शकतो, म्हणून ५०० व्होल्टचा मेगर ड्रम बाहेर असतानाच. एक मेगाओहमच्या खाली आलं तर काम पुढे नाही, नव्या केबलला तर खूपच जास्त यायला हवं, कमी आलं तर ग्लँड बसवताना आतलं आवरण कापलं गेलं का ते बघा. मग अर्थ सलग आहे का, आरसीसीबी (वीज अर्थमध्ये गळाली की बंद पडणारा स्विच) पडतो का, ओव्हरलोड मोटरच्या प्लेटवरच्या अँपिअरला सेट आहे का.

एक्झॉस्ट चालू करून कागदाचा तुकडा धरा आणि हवा खरंच बाहेर जातेय ना ते बघा, फेज उलटे जोडले तर पंखा फिरतो पण काम करत नाही. एक्झॉस्टचं तोंड फरशीजवळ पाहिजे, छपराला लावलेला पंखा वरची चांगली हवा काढतो आणि वाफ खाली तशीच. मिक्सर आणि पंप असे जोडून घ्या की एक्झॉस्ट चालू असल्याशिवाय ते सुरूच होणार नाहीत.

## ११. नंतर बिघडतं ते

हँडओव्हरच्या दिवशी प्रत्येक बॉक्सचा, ग्लँडचा, लेबलचा फोटो काढून नकाशाला जोडून ठेवा. सहा महिन्यांनी कोणता बोल्ट गेला, कुठे नवीन भोक आलं, ते फोटो शेजारी धरला की लगेच कळतं.

पावसाळ्याच्या आधी, मेच्या शेवटी, एक फेरी मारा: गंज, ग्लँडमधून ओल, लाइटच्या काचेत पाणी. खाडीच्या जवळच्या आणि केमिकलच्या पट्ट्यातल्या गाळ्यांना दिवाळीनंतर अजून एक फेरी, तिथे बोल्ट लवकर गंजतात. ट्यूब किंवा बल्ब बदलताना लेबलवरचाच प्रकार आणि वॅट, साध्या फिटिंगसाठीची एलईडी ट्यूब एफएलपी फिटिंगमध्ये घालू नका.

संध्याकाळी डास येतात म्हणून कामगार मच्छर मारायची बॅट आणतात. ती ठिणगीवरच चालते. ती, मोबाइल चार्जर आणि टेबल फॅन, तिन्ही दाराबाहेर ठेवायला एक फळी लावून द्या, नुसतं "आणू नका" म्हणून ऐकत नाहीत, ठेवायला जागा दिली की ऐकतात.

आणि दसरा. खंडेनवमीला मिक्सरची पूजा होते, हार, हळदकुंकू, समोर निरांजन, उदबत्ती, आणि दारावर लाइटच्या माळा, ज्यांची पिन कुठल्यातरी एक्सटेंशनमधून आत येते. पूजा नको असं मी कुणालाही सांगत नाही. निरांजन ऑफिसमध्ये लावा, मिक्सरला फक्त हार आणि कुंकू, माळा गेटवर. आणि हे आदल्या दिवशीच शेठकडून सगळ्यांना सांगून ठेवा, सकाळी ताट घेऊन माणसं दारात उभी असताना नाही.